उभ्या गाडीचा हिशेब

रविवारी सुरतच्या रिंग रोडच्या कापड मार्केटांची शटरं खाली असतात, आणि त्या सकाळी गोडादऱ्याच्या सोसायट्यांमध्ये गाड्यांवरची कव्हरं निघतात. सोमवार ते शनिवार घरातला कमावता माणूस मोपेडवर जातो. मार्केट सहा-सात किलोमीटरवर, पर्वत पाटियाला गर्दी, आणि पोचल्यावर चारचाकी लावायला जागा नाही. मुलं व्हॅननं शाळेत जातात, भाजी कोपऱ्यावर मिळते. गाडी लागते ती रविवारी डुमसला, लग्नाकार्याला, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला, पावसाळ्यात रात्री कुणाला उधना स्टेशनवरून आणायला. आणि वर्षातून दोन-तीनदा गावी जायला. गाव म्हणजे नंदुरबार, शहादा, साक्री, अमळनेर, पाचोरा. सुरतच्या या आग्नेय भागात, लिंबायतपासून डिंडोली-नवागामपर्यंत, खान्देशी माणूस इतका दाट वसला आहे की महापालिका इथं मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. लूम, डाइंग मिल, मार्केट, रिक्षा अशा पायऱ्या चढत इथल्या कित्येक घरांनी पहिली चारचाकी घेतली ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत. त्या गाडीचा महिन्याचा पल्ला अडीचशे-तीनशे किलोमीटर भरला तरी पुष्कळ.

आता हीच घरं दुसरी गाडी घ्यायच्या बेतात आहेत, आणि शोरूममध्ये त्यांना सांगितलं जातं, ‘भाऊ, एक रुपयात किलोमीटर.’ हे वाक्य खोटं नाही. पण ते रोज साठ-सत्तर किलोमीटर तुडवणाऱ्यासाठी तयार झालेलं आहे. रविवारी गाडी काढणाऱ्याला त्यातून काहीच उलगडत नाही. त्याच्या गाडीचं आयुष्य मुख्यतः उभं राहण्यात जातं, त्यामुळं ती कुठं उभी राहते, कशी उभी राहते आणि उभ्या-उभ्या तिला काय होतं, हेच त्यानं आधी बघायला हवं. इलेक्ट्रिक गाडीवर आपल्याकडं जे बोललं जातं त्यात हा भाग जवळजवळ नसतोच.

आधी पैशाचं बघू. एक घर धरू: महिन्याला तीनशे किलोमीटर, सगळे शहरातले. पेट्रोलची छोटी गाडी सुरतच्या रहदारीत लिटरला पंधरा किलोमीटर देते असं माना आणि पेट्रोल पंच्याण्णव रुपयांचं माना. वीस लिटर, म्हणजे एकोणीसशे रुपये. सीएनजीची गाडी किलोला बावीस आणि गॅस ऐंशी रुपये धरला तर अकराशेच्या आत काम होतं. गुजरात गॅसच्या पंपांमुळं सुरत तसंही सीएनजीचं शहर आहे. छोटी इलेक्ट्रिक गाडी भिंतीतल्या प्लगपासून मोजलं, म्हणजे चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीजही धरली, तर एका युनिटला साडेसात किलोमीटर जाते. चाळीस युनिट झाले. सगळे आकार धरून युनिटला आठ रुपये म्हटलं तर तीनशे वीस रुपये.

पेट्रोलपेक्षा महिन्याला पंधराशे ऐंशी वाचले, वर्षाला एकोणीस हजार. छान वाटतं. पण बरोबरीच्या सोयींची इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा अडीच लाखांनी महाग धरली, तर तो फरक भरून यायला तेरा वर्षं लागतात. आणि तेच अडीच लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेसतरा हजार व्याज मिळतं. म्हणजे वाचलेलं पेट्रोल आणि बुडालेलं व्याज जवळजवळ एकाच रकमेचं. सीएनजीशी तुलना केली तर इलेक्ट्रिकचं पारडं आणखी हलकं होतं: महिन्याची बचत आठशेच्या आत, आणि गाडीच्या किमतीतला फरक तरीही लाख-दीड लाखाचा. याउलट महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे अडीच लाख पावणेतीन वर्षांच्या आत वसूल होतात. त्याच्यासाठी शोरूमचं वाक्य शब्दशः खरं आहे.

सरकारी सवलतींनी हा फरक काही काळ झाकला होता. गुजरातचं इलेक्ट्रिक वाहन धोरण १ जुलै २०२१पासून चार वर्षांसाठी लागू झालं. त्यात बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला दहा हजार, आणि चारचाकीला जास्तीत जास्त दीड लाख रुपये मिळत होते. त्या वेळी ज्यांनी गाडी घेतली त्यांचा हिशेब वेगळा होता, आणि त्यांचाच अनुभव अजून सोसायटीच्या ओट्यावर सांगितला जातो. कर्जाच्या व्याजावर मिळणारी आयकरातली सूटही ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खाजगी मोटारींना अनुदानच नाही. वर २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. इलेक्ट्रिकवर तो १ ऑगस्ट २०१९पासून पाच टक्केच आहे, त्यामुळं दोघांतलं करांचं अंतर एकदम आक्रसलं. मेहुण्यानं २०२२ साली जे गणित मांडलं होतं ते आज तसंच्या तसं लागू पडत नाही, हे घरात कुणीतरी सांगायला हवं.

बॅटरी भाड्यानं घेण्याची योजना तर कमी चालवणाऱ्यासाठी मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती वरवर त्याच्यासाठीच काढल्यासारखी दिसते. गाडी स्वस्तात घ्या, बॅटरीचे पैसे किलोमीटरप्रमाणे द्या. एमजी विंडसर २०२४च्या सप्टेंबरमध्ये आली तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये असा दर जाहीर झाला. ज्याचं चालणंच थोडं, त्याला वाटतं, आपलं भाडंही थोडंच. पण काही वित्तसंस्थांच्या करारात महिन्याला किमान दीड हजार किलोमीटर धरले जातात. तुम्ही तीनशे चालवा नाहीतर तीस, भरायचे सव्वापाच हजार. तीनशेवर ते वाटले तर किलोमीटरला साडेसतरा रुपये पडतात. पेट्रोलचा खर्च सव्वासहाच्या आसपास होता. पुण्याच्या वायवे मोबिलिटीनं जानेवारी २०२५मध्ये छपरावर सौर पट्ट्या असलेली ‘ईव्हा’ दाखवली, तिच्याही बॅटरी-भाड्याला महिन्याच्या किमान किलोमीटरची अट होती, फक्त आकडा लहान. सही करण्याआधी या एका ओळीवर बोट ठेवून विचारायचं: किमान किती? उत्तर तोंडी घ्यायचं नाही.

इतकं सगळं विरोधात असताना गोडादऱ्यातल्या माणसानं ही गाडी घ्यावीच कशाला? माझं मत असं की घ्यायला कारण आहे, पण ते पेट्रोलच्या बिलात नाही.

आठवड्यातून एकदा, दोन-तीन किलोमीटरसाठी निघणारी पेट्रोल गाडी हा इंजिनावरचा सर्वांत वाईट प्रकारचा ताण आहे. इंजिन नीट तापायच्या आत ते बंद होतं. आत साचलेली वाफ उडून जात नाही, ऑइलमध्ये ओल उतरते, इंधन वाजवीपेक्षा जास्त जळतं. सीएनजीची गाडीही थंड असताना बहुधा पेट्रोलवरच सुरू होते आणि तापल्यावर गॅसवर जाते, त्यामुळं महाराणा प्रताप चौकापर्यंत जाऊन परतणाऱ्याच्या गॅसच्या बचतीचा चांगला वाटा तिथंच संपतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. सुरतच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने टाकीत तेच पेट्रोल ठेवणं बरं नव्हे. ऑइल तर किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाला बदलावंच लागतं. इलेक्ट्रिक मोटरला यातलं काही नाही. पहिल्या मीटरपासून ती तशीच चालते, क्लच नाही, गर्दीत थांबून-थांबून चालताना पाय दुखत नाही, आणि उभ्या गाडीत वीज जाते ती बहुतेक एसीपुरती. घरात ज्यांनी आजवर गाडी शिकायचं टाळलं, त्या सुना-मुलींना ही गाडी फार सोपी जाते. मोपेडसारखं सोडायचं आणि दाबायचं. आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला नवऱ्याच्या सुटीची वाट बघावी न लागणं, याची किंमत मी वर मांडलेल्या हिशेबात कुठंच धरलेली नाही, आणि ती थोडी नाही.

छोट्या पल्ल्याची गाडी म्हणून इलेक्ट्रिकचा विचार भारतात नवाही नाही. बंगळुरूच्या चेतन मैनींनी २००१मध्ये ‘रेवा’ आणली ती नेमकी याच कामासाठी: एका चार्जला ऐंशी किलोमीटर, दोन मोठी माणसं, शहरातल्या शहरात. लंडनमध्ये तीच ‘जी-विझ’ नावानं धावली. तिची अडचण पल्ला नव्हती; साधी शिशाच्या प्लेटांची बॅटरी लवकर म्हातारी होत होती. आता ती अडचण बदलली आहे, पूर्णपणे गेलेली नाही. त्याकडं मी येतोच.

पण त्याआधी प्लग.

गोडादऱ्यातली बरीच घरं रो-हाऊस आहेत. अरुंद पुढचा भाग, दोन पायऱ्या, ओटा, आणि गाडी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर. आपलंच घर, आपलंच मीटर, त्यामुळं फ्लॅटवाल्याची परवानगीची कटकट इथं नाही. पण गाडी आणि सॉकेट यांच्यामध्ये तो रस्ता असतो, तिथं मुलं खेळतात, गायी बसतात, पावसाचं पाणी वाहतं. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून गाडी लावायची, हे मला अजिबात मान्य नाही. चार्जर सात-आठ तास सलग जवळजवळ पूर्ण क्षमतेनं वीज ओढतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, हा होत नाही. कुठंतरी सैल जोड असेल, बारीक तार असेल, तर ती तापते आणि वितळते. लागतं ते असं: मीटरपासून थेट आलेली स्वतंत्र जाड तार, सोळा अँपिअरचं दणकट सॉकेट, त्याला स्वतःचं एमसीबी, आणि करंट गळला तर लगेच तोडणारं उपकरण. शिवाय खरं अर्थिंग. अर्थिंग बरोबर नसेल तर बऱ्याच गाड्या चार्ज व्हायलाच नकार देतात, आणि मग लोक गाडीलाच नावं ठेवतात. जुन्या सोसायट्यांमध्ये अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो. गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलावून तेवढं मोजून घ्यावं. मंजूर लोडही बघावा, कारण सुरतच्या उन्हाळ्यात दोन एसी चालू असताना त्यावर तीन किलोवॉटचा चार्जर बसवायचा आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्रानं वीज ग्राहक हक्कांचे नियम सुधारले. त्यानुसार चार्जिंगसाठी मागितलं तर वीज कंपनीनं वेगळं कनेक्शन द्यायचं आहे, आणि नव्या कनेक्शनची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस केली आहे. सुरतेत शहराचा काही भाग टोरंटकडं आहे आणि बाकीचा दक्षिण गुजरात वीज कंपनीकडं; आपलं बिल कुणाकडून येतं ते बघून त्यांच्याकडं जावं. कागदावर एवढं सरळ आहे. पण पार्किंगमध्ये मीटर कुठं बसेल, केबल कुणाच्या भिंतीवरून जाईल, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरतं, आणि तिथं कुणीतरी आगीचा विषय काढतोच. त्या माणसाला मी हसणार नाही. २४ मे २०१९ला सरथाणाच्या तक्षशिला इमारतीत बावीस जण गेले, बहुतेक कोवळी मुलं. २०२५च्या फेब्रुवारीत रिंग रोडवरचं शिवशक्ती मार्केट जळालं. या शहराच्या मनात आगीची भीती आहे आणि ती खरी आहे. तिला उत्तर द्यायचं तर तपशिलानं द्यावं: बॅटरी कोणत्या रसायनाची आहे, सॉकेट कुणी बसवलं, वायरिंगचा तपासणी-दाखला आहे का, पार्किंगमध्ये गाडीजवळ फर्निचर आणि पुठ्ठ्यांचे ढीग तर नाहीत ना. एवढं लिहून दिलं की विरोध करणारे बरेच जण ऐकतात.

एक गोष्ट मात्र कमी चालवणाऱ्याच्या पथ्यावर पडते. त्याला जलद चार्जर लागतच नाही. आठवड्याला सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर म्हणजे दहा युनिट; साध्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर तीन-चार तासांचं काम. भिंतीवरचा महागडा सात किलोवॉटचा बॉक्स विकणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं.

त्याच हिशेबानं मोठी बॅटरीही नको. टाटांची टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२मध्ये आली तेव्हापासून तिच्यात १९.२ आणि २४ किलोवॉट-तास असे दोन पर्याय आहेत. एमजी कॉमेटमध्ये १७.३. कंपनीनं सांगितलेल्या पल्ल्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग प्रत्यक्षात मिळतो असं धरून चालावं. लहान बॅटरीचे एकशेचाळीस-दीडशे किलोमीटर रविवारच्या माणसाला दोन आठवडे पुरतात. उरलेली बॅटरी तो विकत घेतो आणि म्हातारी होऊ देतो.

कारण लिथियमची बॅटरी दोन वाटांनी झिजते. एक वाट वापराची: भरणं आणि रिकामं होणं. दुसरी वाट निव्वळ काळाची. महिन्याला तीनशे किलोमीटरवाल्याची लहान बॅटरी वर्षात पंचवीस-सव्वीस वेळाच पूर्ण रिकामी होऊन भरते. आठ वर्षांत दोनशेच्या आसपास. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी हजारो वेळा भरता येते. टियागोला बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. आपला माणूस आठ वर्षांत तीस हजारही चालवत नाही. त्याच्या बाबतीत किलोमीटर हा प्रश्नच नसतो, कॅलेंडर असतं. आणि काळानं होणारी झीज दोन गोष्टींनी वाढते: उष्णता, आणि बॅटरी काठोकाठ भरलेल्या अवस्थेत पडून राहणं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यासारख्या तापलेल्या रस्त्यावर शंभर टक्के चार्ज करून, वर कव्हर घालून पंधरा दिवस गाडी सोडून देणं, हे बॅटरीला सर्वांत जास्त म्हातारं करणारं वागणं आहे. आणि आपली माणसं नेमकं तेच करतात, काळजीपोटी. फोन रात्रभर चार्जिंगला लावायची सवय असते.

उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी चाळीस ते साठ टक्क्यांवर ठेवावी. शनिवारी रात्री, निघायच्या आदल्या दिवशी, हवी तेवढी भरावी. एलएफपी असेल तर अधूनमधून शंभरपर्यंत न्यावी, कारण त्या रसायनाचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो आणि गाडीच्या संगणकाला किती शिल्लक आहे याचा अंदाज चुकू लागतो. पूर्ण भरली की त्याचा हिशेब पुन्हा जुळतो. कंपनीच्या पुस्तिकेत याचं अंतर दिलेलं असतं, तेच पाळावं. सावली मिळत असेल तर ती चार्जरच्या जागेपेक्षाही मोलाची. कडुनिंबाखाली गाडी लावण्यासाठी शेजाऱ्याशी थोडी गोडीगुलाबी करावी लागली तरी करावी.

आता त्या छोट्या बॅटरीबद्दल, जिच्यामुळं महिनाभर उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी दार उघडायलाही तयार नसते. मोठ्या बॅटरीशिवाय प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत नेहमीची बारा व्होल्टची बॅटरीही असते. कुलूप, दिवे, संगणक आणि मुख्य बॅटरीला जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. गाडी बंद असतानाही मोबाइल अ‍ॅपला उत्तर देणं, अलार्म असली कामं तिला थोडं-थोडं रिकामं करत राहतात. ती संपली की मुख्य बॅटरी अर्धी भरलेली असूनही गाडी मृतवत. गावी महिनाभर लग्नसराईत अडकलेला माणूस परत येतो आणि पहिला फोन टोइंगवाल्याला करतो. उपाय साधा आहे: आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवायची, अ‍ॅप उघडून पुन्हा-पुन्हा बघत बसायचं नाही, आणि लांब जायचं असेल तर छोट्या बॅटरीची वजा बाजूची वायर सुटी करता येते का, हे सर्व्हिस सेंटरला आधी विचारून ठेवायचं. टायरची हवा बघायची. ब्रेकही मधूनमधून जोरात लावायचे, कारण गाडीचा वेग बहुतेक वेळा मोटरच कमी करते, डिस्क वापरल्या जात नाहीत आणि दमट हवेत त्यांना गंज चढतो. उंदरांचाही बंदोबस्त हवा. उभ्या गाडीतली वायर त्यांना फार आवडते.

मग पाणी. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरतचा बहुतांश भाग बुडाला, ती आठवण तापीची. गोडादरा-लिंबायत-पर्वत पाटिया पट्ट्याचं दरवर्षीचं दुखणं खाडीचं आहे. जून २०२५च्या अखेरच्या आठवड्यातही खाड्या फुगल्या आणि या बाजूच्या वस्त्यांत पाणी दिवसचे दिवस साचून राहिलं. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी सहसा आयपी-६७ दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी बांधलेली. तुंबलेल्या रस्त्यातून हळू पार व्हायला हे भरपूर झालं. इंजिनात पाणी शिरून ते जाम होण्याची भीती नाही, आणि या बाबतीत इलेक्ट्रिक खरंच सरस. पण खाडीचं गढूळ, मिलांचं सांडपाणी मिसळलेलं पाणी तीन दिवस गाडीला वेढून बसलं, तर अर्ध्या तासाच्या त्या दर्जाचा काय उपयोग? अशी गाडी सुरू करून बघायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, सरळ उचलून न्यायची. सॉकेट छातीच्या उंचीवर बसवायचं. आणि विमा घेताना बॅटरीला पाण्यानं झालेली हानी भरून देणारं जोडकलम आहे का, ते वाचायचं. बॅटरी हा गाडीतला सर्वांत महाग भाग, तो वगळलेला विमा स्वस्त असला तरी काय कामाचा. विम्याच्या बाजूनं दोन चांगल्या गोष्टीही आहेत. इलेक्ट्रिक गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यात पंधरा टक्के सवलत आहे. आणि २०२२च्या जुलैपासून विमा नियामकानं ‘जेवढी चालवाल तेवढं भरा’ प्रकारच्या जोडकलमाला परवानगी दिली आहे, त्यात वर्षाचे किलोमीटर आधी सांगून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता कमी करता येतो. हे कमी चालवणाऱ्यासाठीच आहे आणि एजंट ते आपणहून सांगतोच असं नाही.

घरात खरा वाद मात्र आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेला गावी जाण्याचा असतो. ‘वर्षभर चालेल, पण गावाला कसं जायचं?’ बाप विचारतो आणि मुलगा गप्प होतो. आखाजी, कानबाई, पोळा, दिवाळी, भाच्याचं लग्न. गाडी दारात उभी राहिल्याचं गावानं बघायला हवं, ही इच्छा मी क्षुल्लक मानत नाही. ज्यांचे आजोबा ताप्ती व्हॅलीच्या पॅसेंजरमध्ये वळकटी घेऊन सुरतला उतरले, त्यांच्या नातवाला स्वतःच्या गाडीनं गावात शिरावंसं वाटणारच.

तेव्हा रस्ता बघू. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री, धुळे. धुळ्यापर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. लहान बॅटरीची गाडी एसी, पाच माणसं आणि सामान घेऊन हा पल्ला एका चार्जमध्ये गाठणार नाही, आणि महामार्गाच्या वेगात तिचा पल्ला शहरापेक्षाही कमी होतो, पेट्रोल गाडीच्या अगदी उलट. घाट चढताना टक्के झरझर उतरतात. उतारावर थोडे परत मिळतात. वाटेत एकदा जलद चार्जरवर तासभर थांबावंच लागेल, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी त्या चार्जरवर आणखी तीन गाड्या असू शकतात, किंवा तो बंदही असू शकतो. निघण्याआधी अ‍ॅपवर चार्जर चालू आहे का ते बघावं, दुसरा पर्याय हाताशी ठेवावा, आणि पहिला चार्जर गाठताना वीस टक्के तरी शिल्लक राहतील असा बेत करावा. गावी पोचल्यावर घरच्या सॉकेटचं अर्थिंग आणि तिथला वीजपुरवठा यांवर परतीचा प्रवास टांगता असतो. मळ्यातल्या मोटरसाठी ओढलेल्या वायरवरून गाडी चार्ज करायची नाही.

माझा सल्ला बापाला आणि मुलालाही पटणार नाही कदाचित, तरी देतो. वर्षातल्या या दोन-तीन फेऱ्यांसाठी पाच-सात लाख जास्त घालून मोठ्या बॅटरीची गाडी घेऊ नये. या फेऱ्या भाड्याच्या गाडीनं कराव्यात, भावाच्या पेट्रोल गाडीशी आठवडाभर अदलाबदल करावी, किंवा उधन्याहून रेल्वेनं जावं. सुरत-जळगाव मार्गाचं दुहेरीकरण होऊन काही वर्षं झाली आहेत. आणि घरात एकच गाडी असेल, तिच्यानंच दर महिन्याला गावी जावं लागत असेल, शेती बघायची असेल, तर सीएनजी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. आजच्या घडीला त्या घरासाठी तीच योग्य गाडी आहे.

उरला तो माणूस ज्याचं चालणं शहरातच आहे, ज्याला स्वतःचं मीटर आणि शक्यतो स्वतःचं छप्पर आहे. त्याच्यासाठी किमतीचं कोडं दोन बाजूंनी सुटतं.

पहिली बाजू छपराची. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली. तीन किलोवॉटच्या सौर संचाला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे. एवढा संच उन्हाळी दिवसाला सरासरी बारा युनिट देतो. तीनशे किलोमीटरला लागणारे महिन्याचे चाळीस युनिट म्हणजे त्याची साडेतीन दिवसांचीही कमाई नाही. रोज कामावर जाणाऱ्याची गाडी दिवसा घरी नसते, त्याला रात्रीच चार्ज करावं लागतं. याची गाडी मात्र भर दुपारी दारातच उभी असते. इतर वेळी जो तोटा होता तो इथं फायदा होतो. पण गाडीसाठी म्हणून सौर संच बसवू नये. एसी-फ्रिजच्या बिलासाठी बसवावा, गाडी त्यात सहज सामावते.

दुसरी बाजू जुन्या बाजाराची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. इलेक्ट्रिक गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत पेट्रोलपेक्षा वेगानं उतरते, कारण घेणारा बॅटरीला घाबरतो. महिन्याला तीनशे किलोमीटर चालवणाऱ्यानं नेमकी अशी तीन वर्षं वापरलेली गाडी शोधावी. पेट्रोल आणि इलेक्ट्रिकमधला अडीच लाखांचा जो फरक वर अडसर होता तो पहिल्या मालकानं सोसलेला असतो, आणि आठ वर्षांच्या वॉरंटीतली पाच शिल्लक असतात. ही वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, पूर्ण मिळते की कमी होऊन, हे कंपनीच्या कागदावर बघावं; काही गाड्यांची ‘आजीवन’ वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा छापील अहवाल काढायला सांगावं, त्याचे पैसे आपण द्यावेत. विकणाऱ्यानं टाळाटाळ केली तर व्यवहार सोडावा. कमी किलोमीटर पाहून भुलू नये: तीन वर्षांत सहा हजार चाललेली गाडी कुठं आणि किती टक्क्यांवर उभी होती, हे वीस हजार चाललेल्या गाडीपेक्षा जास्त खोदून विचारायला हवं. गाडी खाडीकाठच्या सोसायटीतली असेल तर सीटखालची सतरंजी उचलावी, चिखलाची रेघ शोधावी, जोडांवर हिरवट गंज दिसतो का बघावं, विमा कंपनीकडून मागच्या दाव्यांची माहिती मागवावी. बारा व्होल्टची बॅटरी कधी बदलली ते विचारावं. सोबतची चार्जिंग केबल मूळची आहे की नंतर घेतलेली, तेही.

आणि शेवटचे पैसे देण्याआधी गाडी एकदा आपल्या दारात आणवून आपल्याच सॉकेटवर दोन-तीन तास लावून बघावी. सॉकेट आणि प्लग हाताला फार गरम लागले, किंवा गाडीनं अर्थिंगचा दिवा लावला, तर वायरमनला बोलावून आधी ते काम उरकावं, नाव नंतर चढवावं.